वाढत्या अंगाचा मास्क मिळत नाही

सहा वर्षांच्या मुलाचा गणवेश, रेनकोट, बूट, सायकल, सगळं आपण एक माप मोठं घेतो. पोर वाढत्या अंगाचं आहे, पुढच्या वर्षीही चालेल. स्नॉर्केलिंगच्या मास्कला हाच हिशेब लावला, तर पहिल्याच खेपेला नाकात खारं पाणी जातं आणि पोर उरलेली सहल किनाऱ्यावर वाळूचे किल्ले करत काढतं. मास्क आज बसला पाहिजे, याच गालांवर आणि याच नाकावर. काच कोणती, रबर कोणतं, कंपनी कुठली, अर्ध्या चेहऱ्याचा घ्यायचा की पूर्ण, असे वाद पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही महत्त्वाचेही आहेत. पण न बसणारा मास्क कितीही भारी असला तरी फुकट. बाजारात मात्र मास्क विकला जातो रंगावर, खोक्यावर छापलेल्या वयोगटावर आणि ‘सेट’ म्हणून.

मुळात मास्क लागतो कशाला? उघड्या डोळ्यांनी पाण्याखाली सगळं धूसर दिसतं. डोळ्याची प्रकाश वळवण्याची जवळजवळ दोन तृतीयांश ताकद बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात असते, आणि पाणी टेकलं की ती जवळपास संपते. डोळ्यापुढे हवेचा कप्पा ठेवला की ती परत मिळते. याला अपवाद म्हणावा असं एक उदाहरण आहे. अंदमान समुद्राच्या पलीकडच्या काठावर, थायलंडच्या सुरीन बेटांवर, मोकेन जमातीची मुलं मास्कशिवाय समुद्रतळावरचे शिंपले टिपतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या आना गिस्लेन यांनी त्यांचे डोळे तपासले. २००३ साली त्यांनी दाखवून दिलं की ही मुलं पाण्यात बाहुली अगदी बारीक करतात आणि युरोपातल्या मुलांच्या दुपटीनं बारकावे पाहू शकतात. पुढे सरावानं स्वीडनच्या मुलांनाही ते जमलं. आपल्याला चार दिवसांच्या सुट्टीत जमणार नाही, तेव्हा मास्क.

मग पोहायचा गॉगल का चालत नाही, हा प्रश्न दरवेळी येतो, कारण तो घरात आधीच असतो. गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं. तलावात पोहताना त्यानं बिघडत नाही. पण तोंड पाण्यात घालून तरंगत राहायचं तर उघड्या नाकातून पाणी आत येतंच. शिवाय मूल कितीही बजावलं तरी मासा दिसला की खाली सूर मारतं. खाली गेलं की दाब वाढतो आणि काचेमागची हवा आकसते. मास्कमध्ये नाकातून थोडी हवा सोडून दाब सारखा करता येतो. गॉगलमध्ये ती सोय नाही, त्यामुळे तो डोळ्यांना शोषून धरतो. म्हणून स्नॉर्केलिंगच्या मास्कला नाकाचा कप्पा हवा, आणि तो बाहेरून दोन बोटांनी चिमटता येईल इतका मऊ हवा. कानाला दडे बसले तर नाक दाबून हलकेच फुंकता यावं यासाठी. लहान मुलांची कान आणि घसा जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे ही गरज त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त. सर्दी झालेल्या मुलाला त्या दिवशी खाली जाऊच देऊ नये.

आता मुद्द्याची गोष्ट, माप. काचेभोवतीच्या मऊ कडेला या धंद्यात स्कर्ट म्हणतात. ती कड चेहऱ्याला सगळीकडून टेकली की झालं, पण सगळीकडून म्हणजे कुठून ते पाहायला हवं. मुलाला उभं करा, कपाळावरचे केस मागे घ्या, पट्टा काचेवरून पुढे टाकून द्या. मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, दाबू नका. मग मुलाला सांगा, ‘फुलाचा वास घे.’ एवढ्या हलक्या श्वासानं मास्क चेहऱ्याला चिकटला आणि हात काढल्यावर, मान थोडी खाली केल्यावरही तिथेच राहिला, तर पहिली परीक्षा पास. जोरात श्वास ओढला तर वाईट मास्कसुद्धा चिकटतो, म्हणून फुलाचा वासच. कुठूनतरी सूं आवाज आला तर हवा तिथून शिरते आहे, आणि जिथून हवा तिथून पाणी.

बहुतेक वेळा ती जागा नाकाखाली असते. मोठ्यांचा मास्क लहान चेहऱ्यावर घातला की वरची कड केसांत जाते आणि खालची वरच्या ओठावर येते. कोरड्यात हे कळत नाही. तोंडात श्वासाची नळी धरली की ओठ पुढे येतो, कड उचलली जाते आणि पाणी थेट नाकाच्या कप्प्यात. म्हणून दुसरी परीक्षा नळी तोंडात धरून घ्यायची, आणि तिसरी मुलाला हसवून. हसताना गालांना घड्या पडतात, मास्क सुटतो, आणि मासे पाहताना मूल हसणारच. थोडं सुटणं चालतं, पण गंभीर झाल्यावर मास्क परत बसला पाहिजे. मुलांच्या नाकाचा दांडा बसका असतो, त्यामुळे चौकट दांड्यावर किंवा भुवईच्या हाडावर टेकते का तेही पाहा. हे मूल लगेच सांगत नाही. पाच मिनिटं मास्क घालून घरात फिरू द्या. काढल्यावर कपाळावर वळ दिसला तर पट्टा घट्ट होता, नाकाच्या मुळाशी लाल ठिपका दिसला तर मास्क चुकीचा.

पट्ट्याबद्दल आई-बापांची समजूत उलटी असते. गळतो आहे, आवळा. आवळल्यानं स्कर्ट दुमडतो आणि जास्त गळतो. पट्ट्याचं काम मास्क जागेवर ठेवण्याइतकंच. पाणी अडवायचं काम स्कर्टचं आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाचं. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या रुंद भागावर हवा. लांब केस असतील तर वेणी खाली, मानेशी. उंच पोनी नेमकी पट्ट्याच्या आड येते. सिलिकॉनचा उघडा पट्टा ओल्या केसांना ओढतो, आणि अर्धी रडारड तिथेच होते. त्यावर कापडी आवरण मिळतं, ते घ्यावं.

सामानाबद्दल फारसा वाद उरलेला नाही. स्कर्ट सिलिकॉनचाच हवा. पीव्हीसीचा स्वस्त असतो, पण ताठ असतो, आणि लहान गालांच्या गोलाईला ताठ कड बसत नाही. दुकानात कड बोटांनी दुमडून सोडून पाहा, फरक लगेच कळतो. काच टेम्पर्ड असावी. बहुधा तसं काचेवरच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ती फुटलीच तर तिचे धारदार लांब तुकडे होत नाहीत, बोथट खडे होतात. स्वस्त मास्कमध्ये प्लॅस्टिकची भिंगं असतात, ती वाळूनं चरे पडून महिन्याभरात आंधळी होतात. काळा स्कर्ट की पारदर्शक, हा वाद छायाचित्रं काढणाऱ्यांचा. काळ्यात बाजूचा उजेड येत नाही. लहान मुलाला मात्र कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून पारदर्शकच बरा.

क्रेसी आणि मारेस या इटालियन कंपन्या, जपानी तुसा, किंवा आपल्याकडे सहज मिळणारा डेकॅथलॉनचा सुबिया, या सगळ्यांचे मुलांचे मास्क असतात. त्यांतला कोणता सरस, हे चेहरा पाहिल्याशिवाय सांगणारा माणूस विक्रेता असतो. खोक्यावरचं वय हा तर निव्वळ अंदाज. चणीनं बारीक असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला पाच वर्षांचा मास्क बसतो, आणि सात-आठच्या पुढच्या अनेक मुलांना मोठ्यांचा अरुंद, कमी हवेचा मास्क मुलांच्या मास्कपेक्षा छान बसतो. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत बघून मागवा आणि फुलाचा वास त्याच संध्याकाळी घ्या. काही शे रुपयांत मास्क, नळी आणि पायातले पंख असा तिन्हींचा जाळीच्या पिशवीतला संच मिळतो. त्यातलं निदान एक बसत नाही, आणि तो बहुधा मास्कच असतो. लहान मुलाला पंखांची गरजही नाही. मास्क वेगळा घ्यावा, नळी नंतर.

आता सगळ्यात तापलेला वाद, पूर्ण चेहऱ्याचा मास्क. २०१४ मध्ये डेकॅथलॉननं ईझीब्रेथ आणला आणि किनाऱ्यांचं रूपच पालटलं. तोंडात काही धरायचं नाही, नाकानं नेहमीसारखा श्वास घ्यायचा, समोर भलीमोठी काच. नळीला घाबरणाऱ्या मुलासाठी याहून सोपं काय? कल्पना तशी जुनीच आहे. १९५०च्या दशकात मास्कलाच नळी जोडलेले, नळीच्या टोकाला पिंगपाँगसारखा चेंडू असलेले प्रकार सर्रास विकले जात, आणि जाणते पाणबुडे तेव्हाही त्यांच्याकडे संशयानंच पाहत. ईझीब्रेथची रचना त्यांच्यापेक्षा पुष्कळ शहाणी आहे. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा वेगवेगळ्या वाटांनी जावी म्हणून त्यात झडपा आहेत, आणि नाक-तोंडाभोवती वेगळा छोटा कप्पा आहे. (२०२० च्या मार्चमध्ये इटलीतल्या ब्रेशा इथल्या इसिनोव्हा या कंपनीनं थ्रीडी प्रिंटरवर जोडणी बनवून हेच मास्क कोविडच्या रुग्णालयांना श्वसनासाठी वापरायला दिले. समुद्रकिनाऱ्यावरच्या वस्तूनं एवढी मजल मारल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.) अडचण नकलांची. दिसायला अगदी तशाच, पण आतला कप्पा नीट न बसणाऱ्या, झडपा ढिल्या असलेल्या. त्यांत सोडलेला श्वास काचेमागे साठतो आणि मूल तोच पुन्हा घेतं.

हवाईमध्ये पर्यटक स्नॉर्केलिंग करताना दगावत होते, आणि काही काळ बोट या मास्ककडेच दाखवलं जात होतं. तिथे सरकारी पैशानं झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा निघाला. पूर्ण चेहऱ्याचा मास्क साध्या नळीपेक्षा जास्त घातक ठरतो असं अभ्यासकांना दिसलं नाही. दोष त्यांनी दिला श्वास ओढताना होणाऱ्या अडथळ्याला. त्यानं फुप्फुसात वेगानं पाणी साठू शकतं, आणि हा अडथळा कोणत्या उपकरणात किती आहे ते नुसतं पाहून कळत नाही. दगावणारे बहुतेक मध्यमवयीन आणि वयस्क पुरुष होते, तेव्हा हा निकाल जसाच्या तसा मुलांना लावता येत नाही. माझं मत या अभ्यासावर अवलंबूनही नाही. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमध्ये बाहेरून नाक चिमटता येत नाही, आणि पाणी शिरलं तर नळी थुंकून टाकता येत नाही. अख्खा मास्क डोक्यावरून ओढून काढावा लागतो. घाबरलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ते जमेल यावर मी पैज लावणार नाही. दहा-अकराच्या पुढे, पोहणाऱ्या मुलाला, नामांकित कंपनीचा, योग्य मापाचा आणि फक्त पृष्ठभागावर, इतकी मान्यता मी देईन.

नळीचा हिशेब लोक करत नाहीत, तो इथे करून पाहू. मोठ्यांची साधी नळी चाळीसेक सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर आतल्या व्यासाची धरली, तर तिच्यात साधारण १२५ मिलिलिटर हवा मावते. वीस किलोचं मूल शांतपणे एका श्वासात १४० मिलिलिटरच्या आसपास हवा घेतं, आणि त्यातली चाळीसेक मिलिलिटर त्याच्या स्वतःच्या घशात आणि श्वासनलिकेतच राहते. म्हणजे बापाची नळी तोंडात धरून मूल वरवरचे छोटे श्वास घ्यायला लागलं, तर ते नळीतली शिळी हवाच आतबाहेर करत राहतं. म्हणून मुलांची नळी आखूड आणि अरुंद असते. तिचा छोटा आकार शोभेचा नाही. पण फार अरुंद केली तर श्वास ओढायला जोर लागतो, त्यामुळे इथेही ‘अजून छोटी’ म्हणजे ‘अजून चांगली’ असं नाही. श्वास सावकाश आणि खोल घ्यायला शिकवणं हाच यावरचा उपाय, आणि तो विकत मिळत नाही.

नळीच्या टोकावरची सोय कोणती घ्यावी? पूर्ण ‘ड्राय’ नळीत वर तरंगणारी झडप असते, नळी बुडली की ती बंद होते. पाणी आत येत नाही हे खरं, पण लाट आली की ऐन श्वासात हवा तुटते, आणि मुलाला तेच जास्त भिववतं. झडपेत वाळू अडकली तर ती बंदच राहते. मला नुसतं पाणी उडण्यापासून वाचवणारं टोपण असलेली साधी नळी बरी वाटते. तोंडात धरायचा भाग लहान मापाचा आणि सिलिकॉनचा हवा, मोठ्या मापानं मुलांना उमासे येतात. आणि एक गोष्ट कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते: सहा-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात हलत असतात किंवा पडलेले असतात. हलणारा दात असेल तर ते मूल नळी दाताखाली धरणार नाही. त्या सुट्टीत नळी राहू द्या, नुसता मास्क लावून श्वास धरून दहा सेकंद खाली पाहिलं तरी मासे दिसतातच.

चष्मेवाल्या मुलांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. चष्म्याच्या काड्या स्कर्टखालून जातात आणि तिथूनच पाणी येतं, त्यामुळे चष्म्यावर मास्क हा मार्ग बंद. मोठ्यांसाठी दोन काचांच्या मास्कमध्ये ठरावीक नंबरची तयार भिंगं बसवून मिळतात. मुलांच्या मापात ती क्वचित. दिलासा इतकाच की मास्कमधून पाहताना सगळं साधारण एक तृतीयांश मोठं आणि पाऊण अंतरावर भासतं, त्यामुळे थोडा उणे नंबर असलेलं मूल बहुधा कुरकुर करत नाही. नंबर मोठा असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलावं. याच भासामुळे सगळीच मुलं माशाला धरायला हात घालतात आणि हात अलीकडेच बंद होतो.

मास्क विकत घ्यावा की तिथेच मिळणारा वापरावा? मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, अंदमानात एलिफंट बीचवर, सगळीकडे तिकिटातच मास्क येतो. मूल रबरी कडं धरून तरंगतं आणि वाटाड्या ते कडं ओढत नेतो. ही पद्धत मला चांगली वाटते, मुलाला पोहणं सांभाळायची चिंता राहत नाही. पण मास्क बहुधा एकाच मापाचे, मोठ्यांचे. बोटीवर एका बादलीत सगळे बुडवून काढायचे आणि पुढच्याच्या चेहऱ्यावर. मुलाचा स्वतःचा मास्क पिशवीत असेल तर तो काढून दाखवा, वाटाडे सहसा हरकत घेत नाहीत. जाड फोमच्या लाइफ जॅकेटचाही त्रास होतो. त्याची मानेमागची कॉलर डोकं वर उचलू देत नाही, आणि काही जॅकेटं तर माणसाला उताणं करायलाच बनवलेली असतात, आपल्याला मात्र पालथं तरंगायचं असतं. मुलाच्या मापाचं, कॉलर नसलेलं जॅकेट मागून घ्या. जॅकेट काढून टाकायचं मात्र नाही. मास्क दाखवतो, तारत नाही. हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच, मग पाणी गुडघ्याएवढं का असेना.

पहिला मास्क समुद्रात घालणं हीच मोठी चूक. घरी बादलीत किंवा टबात तळाशी चमचे टाका आणि मोजायला सांगा. मुलांना नाकानं श्वास घ्यायची सवय असते. मास्कमध्ये नाकानं घेतला तर मास्क चेहऱ्याला शोषला जातो, सोडला तर गळतो आणि काच धुरकटते. म्हणून आधी कोरड्यात, टीव्ही बघताना, तोंडानं श्वास. त्यानंतर तलाव, आणि तलावानंतर लक्षद्वीपसारखं प्रवाळकड्याच्या आतलं शांत, उथळ पाणी मिळालं तर सोनं. पाण्याखाली टाकी लावून जायला पाडी ही संस्थाही आठ वर्षांखालच्या मुलांना घेत नाही. स्नॉर्केलिंगला असं ठरलेलं वय नाही. साधारण पाच-सहाला मुलं तयार होतात, काही चारला आणि काही नऊला.

धुरकट काचेवर उपाय जुनाच. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटानं दोन-तीनदा चोळून धुतली की तो जातो. प्लॅस्टिकच्या भिंगाला किंवा धुकं न धरणाऱ्या लेपाच्या काचेला मात्र टूथपेस्ट लावायची नाही. नंतर दरवेळी लहान बाळाचा शाम्पू थेंबभर किंवा सरळ थुंकी. एरवी थुंकल्याबद्दल ओरडा खाणारी मुलं हा भाग अतिशय मन लावून करतात. आणि त्या सकाळी डोक्याला खोबरेल तेल नको. पाण्यात जाण्याआधी तेल चोपडायची आपल्याकडे सवय आहे, पण तेल कपाळावर उतरतं, स्कर्ट घसरतो आणि डोळे चुरचुरतात. सनस्क्रीनचंही तेच. अर्धा तास आधी लावा आणि मास्क टेकतो ती पट्टी मोकळी सोडा.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा आणि खोक्यात ठेवायचा. गाडीच्या काचेपाशी उन्हात नाही. काळ्या रबराच्या सामानाला चिकटवून ठेवला तर पारदर्शक सिलिकॉनवर डाग पडतात, आणि पावसाळ्यात तो ओला राहिला तर कोकणात काय किंवा मुंबईत काय, कडेला काळी बुरशी धरते. ती निघत नाही. नीट ठेवला तर दोन हंगाम जातो, तोवर चेहरा मोठा होतो आणि मास्क धाकट्याकडे सरकतो. त्याच्या चेहऱ्यावर फुलाचा वास नव्यानं घ्यावा लागतो, भावंडांची नाकं सारखी असतीलच असं नाही. नळीचा तोंडातला भाग तेवढा नवा घ्यायचा. बऱ्याच नळ्यांचा तो सुटा मिळतो, आणि जुन्यावर थोरल्यानं दातांनी नक्षी केलेली असते.